तारखेचा कोरा रकाना

रफिकभाई,

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली. चार वर्षं राहिली. आणि तुमची मय्यत निघाली त्या दुपारी, तुमच्याच घरात बायकांमध्ये बसलेली असताना मला कळलं, की ती तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती.

तुमच्यावर रागवावं की तुमचे पाय धरावेत हे गेल्या तीन आठवड्यांत माझं ठरलेलं नाही. म्हणून लिहायला बसले. तुम्ही असता तर म्हणाला असता, "ताई, लिखनं शे ते बठ्ठं लिखा." तर बठ्ठं, सगळं, लिहिते.

मी इथे आले तेव्हा नुकतं लग्न झालं होतं. माहेर केळीच्या पट्ट्यातलं, रावेरकडचं. तिकडची बोली वेगळी, इकडची वेगळी. लॅब उघडून आठ दिवस झाले होते. एक बाई आली आणि म्हणाली, "मनी आंडेरले ताप शे." मी अंडं ऐकलं. विचारलं, "किती अंडी खाल्ली?" ती माझ्याकडे बघत राहिली. तुम्ही दारात उभे होतात, खांद्याला खाकी पिशवी. इतके हसलात की तुम्हाला खांबाला धरावं लागलं. "ताई, आंडेर म्हणजे मुलगी. तिच्या मुलीला ताप आहे." ती आपली पहिली भेट. तुम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रातले आरोग्य सेवक आणि मी गावातली एकुलती एक लॅबवाली.

त्या दिवशी सोमवार होता. तुम्ही पिशवीतून छापील तक्ता काढलात आणि विचारलंत, आठवड्यात काय काय निघालं? हिवताप, डेंग्यू, कावीळ, टायफॉइड, टीबी.

"काहीच नाही," मी म्हटलं.

"मग काही नाही असं लिहून द्या."

"नसलेला रोग लिहून द्यायचा?"

"ताई, तुम्ही कागदच दिला नाही तर मला कसं कळणार, गावात रोग नाही की लॅबला कुलूप आहे?"

मी कुरकुरत प्रत्येक रकान्यात शून्य काढून दिलं. पुढे कित्येक सोमवार तेच चाललं. तुम्ही यायचात, रक्त घ्यायच्या बाकड्यावरची गादी चिमटीत धरून बघायचात आणि म्हणायचात, "कापूस मेलाय याच्यातला." तुमचे वडील पिंजारी. तुमचा हात कापसावर गेला की थांबायचा नाही. एका रविवारी तुम्ही ती गादी खांद्यावर टाकून घेऊन गेलात. बुधवारी आणलीत तेव्हा ती दुप्पट उंच झाली होती आणि टाके असे सरळ होते की मी पेशंटला त्यावर बसवायला दोन दिवस कचरले.

पण भाई, आपण भांडलोही खूप. नावावरून.

मी म्हणायचे, तुम्हाला आकडा देते, गल्ली सांगते. नाव आणि मोबाइल कशाला हवा? माणूस माझ्याकडे विश्वासाने येतो, हात पुढे करतो. त्याला काय माहीत त्याचं नाव कुठे कुठे जातं? तुमचं उत्तर ठरलेलं असायचं. "आकड्याला पाणी उकळून प्या असं सांगता येत नाही, ताई. माणसालाच सांगावं लागतं."

हे पटण्यासारखं होतं. तरी त्या बस स्टँडमागच्या मुलाचं काय झालं ते आपल्या दोघांनाही आठवतं. पंचविशीतला मुलगा, थुंकीत टीबी निघाला. मी कळवलं, कायदाच आहे तसा. दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात सरकारी जीप उभी राहिली. अख्ख्या गल्लीने पाहिली. त्याची सोयरीक ठरत होती ती मोडली. तो लॅबमध्ये आला, रिपोर्टची पाकिटं ठेवते त्या खिडकीपाशी उभा राहिला आणि निघून गेला. मी तुम्हाला फोनवर वाटेल ते बोलले. तुम्ही ऐकून घेतलंत. त्यानंतर तुम्ही कुठल्याही पेशंटच्या घरी जीपमधून गेला नाहीत. पायी जायचात, खाकी पिशवी घरी ठेवून, हातात भाजीची कापडी पिशवी घेऊन. तो मुलगा सहा महिने गोळ्या घेऊन बरा झाला, पुढे त्याचं लग्नही झालं आणि त्याच्या वरातीत तुम्ही नाचलात म्हणे. तरी त्या एका जीपचं तुम्हाला शेवटपर्यंत लागून राहिलं होतं, मला माहीत आहे.

हे मी का सांगतेय? कारण पुढे जे केलं त्याला मी हेच कारण देत आले. लोकांची नावं सांभाळत होते म्हणून थांबले, असं. ते खरं नव्हतं.

विहीरगल्लीची कावीळ.

बुधवार होता. सकाळच्या नळ्या मशीनमध्ये फिरवून काढल्या. रक्त खाली बसलं की वर जे पाणी राहतं ते फिकं असतं, गवती चहासारखं. त्या दिवशी एका नळीत ते हळद कालवल्यासारखं होतं. मग दुसऱ्या नळीत. मग तिसऱ्या. तिन्ही नळ्यांवरची आडनावं वेगळी, गल्ली एकच. आदल्या आठवड्यातही तिथला एक रिपोर्ट असाच आला होता, तो मी सोमवारी तुम्हाला एकटा-दुकटा म्हणून सांगितलाच नव्हता. मी वही काढून पाहिली. चार माणसं, एका गल्लीत, दहा दिवसांत. हे काय आहे ते मला कळलं होतं, भाई. लॅबचं शिक्षण घेतलेल्या कुणालाही कळलं असतं.

मी तुम्हाला फोन करायला हवा होता. मी डॉक्टरांना केला. ही सगळी माणसं बाजारपेठेतल्या ज्या डॉक्टरांकडून आली होती त्यांना. ते म्हणाले, "वैशालीताई, लगेच बोंबाबोंब कशाला? गल्लीत तीन लग्नं आहेत. उद्या सरकारी माणसं दारोदार फिरली तर लोक मला विचारतील, नाव कोणी दिलं. पेशंट माझे आहेत. दोन-चार दिवस बघू."

मी म्हटलं, "बरं."

एवढंच म्हटलं. त्यांचा राग ओढवून घ्यायचा नव्हता. माझ्याकडे येणाऱ्या दहा पेशंटांतले सात त्यांचे असायचे. गुरुवारी आणखी दोन नळ्या पिवळ्या आल्या. शनिवारी तीन. मी रिपोर्ट छापून पाकिटात घालत राहिले. रोज सकाळी वाटायचं आज तुम्हाला सांगावं. रोज संध्याकाळी वाटायचं आता सोमवार जवळच आहे की.

सोमवारी तुम्ही आलात. मी यादी तयारच ठेवली होती. नऊ नावं, वय, पत्ता, मोबाइल, सगळं सुवाच्य अक्षरात. तुमच्याशी इतकी भांडून शेवटी पूर्ण नावं दिली होती. फक्त रक्त घेतल्याच्या तारखेचा रकाना कोरा सोडला होता.

तुम्ही यादी वाचलीत. उभे होतात ते बाकड्यावर बसलात. कोरा रकाना तुम्हाला दिसला नसेल असं मी मानलं, कारण तुम्ही वेगळंच विचारलंत.

"यामा गरोदर कोणी शे का?"

"मला काय माहीत? नळीवर ते लिहिलेलं नसतं."

"काविळीत गरोदर बाई असली तर वाईट होतं, ताई." आणि चहा तसाच सोडून तुम्ही उठलात.

पुढचं मला मंगलासिस्टरकडून कळलं. त्या आपल्या उपकेंद्राच्या नर्स, त्या दिवशी तुमच्याबरोबर घरोघर फिरल्या. तुम्ही आधी फक्त यादीतल्या घरी गेलात, मग यादीत नसलेल्या प्रत्येक घरी. गल्लीत चार गरोदर बायका निघाल्या. तिघी ठणठणीत होत्या, त्यांना तुम्ही त्याच दिवशी माहेरी किंवा दुसऱ्या गल्लीत नातेवाइकांकडे पाठवलंत. चौथी कविता. आठवा महिना. तिचे डोळे पिवळे झाले होते आणि ती तीन दिवस काही खात नव्हती. तिचं नाव माझ्या यादीत नव्हतंच, कारण तिचं रक्त कुणी तपासायलाच आणलं नव्हतं. दारात रिक्षा उभी होती. घरची माणसं तिला शेजारच्या गावी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेत होती.

तिची सासू तुमच्यावर चिडली. "आम्हना मुलूखमा काविळले दवाखाना नही लागस."

तुम्ही वाद घातला नाहीत. मंगलासिस्टर म्हणतात, तुम्ही त्या म्हातारीसमोर उकिडवे बसलात. "माय, तुले हात जोडस. पयले धुळं. मंग तू कोठेबी लई जा, मी आडवा येवाव नही."

म्हातारी म्हणाली, "आनि पोरीले काही झाये ते?"

"ते तू मना दारसे ये आनि मले जोडावरी मार."

त्यावर म्हातारीने रिक्षा परत पाठवली. आपल्या केंद्राची रुग्णवाहिका आली, कविता धुळ्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात गेली आणि तुम्ही पुढच्या सीटवर बसून तिच्याबरोबर गेलात.

दोन दिवस ती शुद्धीत नव्हती. ते दोन दिवस मी कसे काढले ते मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्यालाही नाही. मला माहीत होतं की दूषित पाणी तिच्या पोटात कितीतरी आधी गेलं असणार, काविळीला दिसायला आठवडे लागतात. मी बुधवारी फोन केला असता तरी तिची लागण टळली नसती. पण ती गुरुवारपासून उलट्या करत होती. बुधवारी तुम्हाला कळलं असतं तर गुरुवारी तुम्ही तिच्या दारात असता. एवढा हिशोब मला करता येतो.

इकडे तुम्ही धुळ्याहून परत आलात आणि ग्रामपंचायतीच्या पाणी सोडणाऱ्या माणसाला घेऊन पाइपलाइन शोधत सुटलात. मोरीखाली एक जोड निसटला होता आणि गटाराचं पाणी त्यातून आत जात होतं. पाणी बंद झालं, टँकर आला. लोकांनी तुमचे आभार मानले नाहीत. एका मुलीच्या बापाने तुम्हाला भर चौकात धरलं, की तुमच्या बोभाट्यामुळे पाहुणे जेवायला यायला तयार नाहीत. तुम्ही त्याचं लग्न शाळेच्या मैदानावर हलवायला मदत केलीत, आचाऱ्याच्या पिंपात स्वतः क्लोरीनचे थेंब टाकून तपासलंत आणि पंगतीत पहिल्या रांगेत बसून जेवलात. सगळ्यांना दिसेल असं पाणी प्यायलात. त्यानंतर मंडळी बसली.

अकराव्या दिवशी कविता उठून चालती-बोलती झाली. मुलगी झाली तिला, दिवस भरायच्या आधीच. अगदी चिमूटभर. पण रडली, आणि जगली. तुम्ही लॅबच्या दारातूनच ओरडून सांगितलंत. मी आत गेले, नळ सोडला आणि तोंड धुण्याच्या निमित्ताने रडले.

डॉक्टरांनी त्यानंतर दोन महिने माझ्याकडे एकही पेशंट पाठवला नाही. त्याचा राग मी तुमच्यावर काढला, आठवतं? "तुमच्या यादीपायी माझी लॅब बंद पडेल." तुम्ही म्हणालात, "पडणार नाही. मी रोज साखर तपासायला येईन." आणि खरंच आलात. रोज. साखर नसलेला माणूस रोज बोट टोचून घ्यायला यायचा.

मग गेल्या वर्षी तुमचा निवृत्तीचा कार्यक्रम. केंद्राच्या पटांगणात मांडव, शंभरेक माणसं. तुम्हाला बोलायला लावलं. तुम्ही स्वतःबद्दल तीन वाक्यं बोललात आणि मग म्हणालात, "विहीरगल्लीच्या काविळीचं श्रेय मला देतात. पण लॅबवाल्या ताईंनी यादी दिली नसती तर मी कुठे जाणार होतो? ती पोरगी त्यांच्या यादीने वाचली." मला पुढे बोलावलंत. नारळ, शाल. टाळ्या झाल्या.

भाई, मी त्या टाळ्या घेतल्या. शाल नीट अंगावर बसावी म्हणून मान सुद्धा वाकवली.

त्या दिवशीच सांगणार होते. मांडवामागे तुम्हाला गाठलंही होतं. तुम्ही म्हणालात, "काय ताई, डोळे का असे?" मी म्हटलं, "धूळ." तुम्ही म्हणालात, "जून आहे, पाऊस पडून गेलाय, धूळ कुठली?" आणि हसून शमीमभाभींना हाक मारलीत. माझी वेळ गेली ती गेली.

आता त्या दुपारचं सांगते. तुम्हाला घेऊन पुरुष कब्रस्तानाकडे गेले. आम्ही बायका आत. भाभी भिंतीला टेकून बसलेल्या. शेजारणींनी जेवण आणलं होतं, ते कुणी उघडत नव्हतं. मंगलासिस्टर माझ्या शेजारी. तुमच्याबद्दल बोलता बोलता त्या म्हणाल्या, "भाई किती बारीक माणूस. विहीरगल्लीत प्रत्येक घरी आधी तेच विचारायचे, रक्त कधी दिलं होतं? आणि यादीत स्वतः तारीख भरायचे."



"कोणत्या तारखा भरल्या?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मांडीवरच्या पदराचा काठ सरळ करत म्हणाल्या, "खऱ्या. मी तेव्हाच म्हटलं होतं, भाई, बुधवारपासूनचे रिपोर्ट आहेत हे, ताईंना विचारा ना. तर म्हणाले, 'आज उशिरा का होईना, यादी दिली. विचारलं तर उद्या देणारच नाहीत. आणि मग पुढची कविता कोण सांगेल मला?'"

चार वर्षं, भाई. एवढ्या सोमवारचे चहा. रोज टोचून घेतलेलं बोट. ती शाल. सगळं माहीत असून.

तुमच्या बाजूने मी विचार करून पाहिला. तुमचं बरोबरच होतं. त्यानंतर मी एकदाही उशीर केला नाही. सोमवारची वाट पाहिली नाही, नळी पिवळी दिसली की आधी तुम्हाला फोन. बाजारपेठेतले डॉक्टरही हळूहळू वळले, आता ते स्वतःच कळवतात. लॅबच्या भिंतीवर मी पाटी लावली आहे, की काही आजारांची माहिती आम्हाला आरोग्य खात्याला द्यावी लागते, आणि ती का द्यावी लागते. हात पुढे करणारा माणूस आता ते वाचून हात पुढे करतो. नावांच्या भांडणात माझं एवढं तरी तुम्ही मान्य केलं असतंत.

पण तुमचं चुकलंही. मला विचारायला हवं होतंत. एकदा, मांडवामागे, "धूळ कुठली" म्हणताना. मी यादी देणं थांबवलं नसतं. कदाचित थांबवलं असतं, कोण जाणे, पण ती जोखीम तुम्ही घ्यायला हवी होती. तुम्ही गावाला सांभाळलंत आणि मला त्या पाच दिवसांबरोबर एकटं सोडलंत. हे भांडण मी सोडणार नाही. तुम्ही उत्तर द्यायला नाही म्हणून तर अजिबातच नाही.

तुमचा चाळिसावा दिवस व्हायचा आहे अजून. मी मध्ये एकदा भाभींना भेटून आले आणि कविताच्या घरीही गेले. तिला सगळं सांगितलं. मुलगी अंगणात मांजरामागे धावत होती. मग कविता म्हणाली, "ताई, मले रिक्षामा टाकेल व्हतं. भाई एक घंटा उशिरा येतात ते मी कोठे ऱ्हाती?" आणि उठता उठता, "तुम्ही आते कोनले असं करू नका." तिने माफ केलं की नाही मला कळलं नाही. चहा मात्र दिला.

आणि गेल्या गुरुवारची गोष्ट. तालुक्याच्या गावी खाजगी लॅबवाल्यांची बैठक होती. कोणते आजार कळवायचे, कुणाला, मोबाइलवर माहिती कशी भरायची. पंचवीस-तीस जण होते, अमळनेरकडचे, धरणगावकडचे. समोरच्या साहेबांनी कायदा सांगितला, शिक्षा सांगितली. लोक जांभया देत होते. मग मला म्हणाले, ताई, तुमच्याकडे विहीरगल्लीचा चांगला अनुभव आहे, दोन शब्द बोला.

मी उठले. शालीची गोष्ट सांगायला म्हणून बोलावलं होतं. मी बुधवारची सांगितली. तीन नळ्या, डॉक्टरांना केलेला फोन, "बरं" म्हटलं ते. गुरुवार, शनिवार. आठव्या महिन्याची बाई. कोरा रकाना. आणि तुम्ही. कोणी जांभई दिली नाही. खाली बसले तेव्हा वाटत होतं, झालं, आता या तालुक्यात तोंड दाखवायला नको.

जेवणाची सुट्टी झाली. ताटं मांडली होती. मी व्हरांड्यात पाण्याच्या पिंपापाशी उभी होते. धरणगाव रस्त्यावरच्या एका गावात लॅब चालवणारा एक तिशीतला माणूस माझ्याजवळ आला. नजर जमिनीवर.

"ताई, माझ्याकडे शुक्रवारपासून दोन पोरं आहेत. कापसाच्या जिनिंगमधल्या मजुरांची. डेंग्यूचं कार्ड दोघांचं पॉझिटिव्ह. जिनिंगचा मालक म्हणाला हंगाम आहे, थांब जरा." त्याने हातातला कागद उलगडला. "आज तिसरं आलं सकाळी."

त्याने खिशातून फोन काढला, आत्ताच मिळालेल्या कागदावरचा नंबर बोट ठेवून वाचत लावला, आणि माझ्याकडे पाठ करून बोलू लागला. नाव सांगितलं, वय सांगितलं. पलीकडच्याने बहुतेक पत्ता विचारला.

"नाही साहेब, खोल्यांना नंबर नाहीत. तुम्हाला सापडणार नाही," तो म्हणाला. "तुम्ही निघा. मी फाट्यावर येऊन थांबतो, घरं मी दाखवतो."

जेवायला तो थांबला नाही.